पासंग

ऑगस्टातला दुसरा गुरुवार. पहाटे पाचला
मी काट्याचं कुलूप काढतो, पितळी दांडी फडक्यानं पुसतो,
रिकामा पिंजरा शून्यावर आणतो.
आधी पासंग बघायचा, मग माल. हे मला बापानं शिकवलं.
सव्वीस वर्षं झाली. काउंटीत मला ओर्विल कोणी म्हणत नाही,
काटेवाले हाउगेन म्हणतात,
आणि माझ्यासमोरून जाताना पोट आत घेतात.

सहाला डुकरं येतात. डुकरांना रांग कळत नाही.
मागून कालवडी, न्हालेल्या, शेपट्या विंचरलेल्या,
ड्रायरनं केस फुगवलेल्या.
आमच्या लग्नातसुद्धा बायको एवढी नटली नव्हती,
हे मी दर वर्षी म्हणतो, आणि दर वर्षी ती
पायच्या तंबूतून, कोपरापर्यंत पिठाची,
नुसतं बघते.

मग टूव्हा एकेलुंड. वय अकरा. बूट भावाचे.
कोकरू मात्र स्वतःचं, बाटलीवर वाढवलेलं.
नाव बटण.
विक्रीला नव्वद पौंड लागतात. बटण अठ्ठ्याऐंशी.
"पुन्हा करा."
पुन्हा केलं. अठ्ठ्याऐंशी.
तिनं ओठ चावला. मागे एक बोकड
कुणाच्या तरी टोपीची कड खात होता.
"नऊपर्यंत काटा उघडा असतो," मी म्हणालो.
तेवढंच. घड्याळाकडे बघून म्हणालो.
खरं सांगायचं तर नळाकडे बघून.

पोरगी हुशार. बादलीत काकवी ढवळली,
बोट बुडवून त्याच्या ओठांना लावलं.
आधी त्यानं तोंड फिरवलं, मग चाटलं, मग प्यायला लागला.
ती गळ्यावर हात ठेवून
एकेक घोट खाली जाताना मोजत बसली.
नऊला पाच कमी. नव्वद. वर केसभर नाही.
मी चिठ्ठी फाडली, सही केली.
ती हसली, तेव्हा दिसलं की एक सुळा अजून यायचाय.

दुपारी ऊन भुशावर उतरलं.
लोण्यात बुडवलेली कणसं, काडीला टोचलेली डुकराची चॉप,
पिठीसाखर नाकात जाऊन शिंकणारी पोरं.
मेंढ्यांच्या गोठ्याला पाठ लावूनच
मेंढीच्या मांसाचा तंबू. मी तिथंच जेवतो.
पुदिन्याची चटणी चांगली असते.

रिंगणात बटणाला चौथा नंबर, गुलाबी फीत.
चारला लिलाव. लिलाववाल्याच्या तोंडात लाह्या फुटत होत्या,
ट्रॅक्टरच्या दुकानदारानं दोनदा टोपी हलवली, झालं.
पौंडाला चार डॉलर दहा सेंट.
गुणिले नव्वद.
कुणीतरी खडूनं पाठीवर आकडा घातला
आणि फाटकाशी ट्रक मागे मागे येऊ लागला,
पिप, पिप, पिप.

मी कुलूप लावत होतो तेव्हा ती आली.
हातात दावं, त्याला लोकरीचे चार तंतू.
"अठ्ठ्याऐंशीच भरलं असतं तर?"
मला वाटलं, नियम सांगावा. नियम तोंडपाठ आहेत.
"तर घरी नेलं असतंस," मी म्हणालो.
ती पिंजऱ्यात शिरली, नीट मध्यभागी उभी राहिली.
"मोजा."
एकाहत्तर.
दावं तिनं बाहेर टाकलं. "आता?"
एकाहत्तर. एवढ्याशानं माझा काटा हलत नाही.
बनवलाच तसा आहे, ढोरांसाठी.
ती काही बोलली नाही. मीही नाही.
मग तिच्या भावानं पाळण्याकडून हाक मारली,
दोन तिकिटं उरली होती,
आणि ती धावली, मोठे बूट फटफटत,
दावं न घेता.

बादली नळाखालीच होती.
तळाशी काकवीचं पाणी, त्यावर माश्या.
मी ती धुतली, उपडी घातली, पुन्हा सुलटी करून पाहिली.
गाडीत बायकोनं मांडीवरचा डबा उघडला.
रूबार्बची पाय, माझ्यासाठी मुद्दाम राखलेली फोड.
"आज नको," म्हटलं.
"का?"
"वजन," म्हटलं, आणि गाडी सुरू केली.